डाव्या कानाकडची जागा

धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं, तपासणी सुरू व्हायची आहे. मग काचेपलीकडच्या मुलीकडे लक्ष गेलं आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की ती केव्हाचीच सुरू झाली आहे. चेहरे वाचण्यात माझं आयुष्य गेलं, तेवढं मला अजून नीट येतं.

"मॅडम, डावा कान जवळजवळ गेला आहे आणि उजवा निम्मा उरलाय," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावा, आणि उशीर करू नका." मी म्हटलं, बघू. मी काय करते असं त्यांनी विचारलं. "लोकांचं ऐकते," मी म्हटलं. ते हसले. त्यांना वाटलं, बाई थट्टेखोर आहे.

थट्टा नव्हती. मी मानसोपचार करते. प्रतापनगरात माझा फ्लॅट आहे, त्याच्या पुढच्या खोलीत लोक येऊन बसतात आणि घरच्यांना सांगता येत नाही ते मला सांगतात. दुपारी चारपासून दिवे लागेपर्यंत ही खोली भरलेली असते. मागच्या खोल्यांत मी एकटी राहते. लग्न केलं नाही. भाऊ पुण्याला, तो रविवारी फोन करतो आणि औषधं घेतेस ना विचारतो. म्हणजे हे लोक यायचे थांबले तर माझ्याशी बोलायला उरेल तो सकाळचा दूधवाला, आणि तोही आजकाल पिशवी दाराला अडकवून निघून जातो. कानाला मशीन लावलेल्या बाईला मनातलं कोण सांगणार, ही भीती मी डॉक्टरांना सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि उन्हाळा संपल्यावर बघू म्हणून घरी आले.

एकटं बसायची सवय मला जुनी आहे. वडील लवकर गेले आणि आई सरकारी कचेरीत कारकून होती. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. शाळा सुटायची तेव्हा आईच्या कचेरीत अजून फायली उघड्या असायच्या. शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन मी घर उघडायची, आणि आत जायचीच नाही. उंबऱ्यावर बसून राहायची. आतमध्ये भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. पण कुणी नसलेल्या घरात शिरून दप्तर ठेवायचं, हे मला जमत नसे. आई गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी उठून आत जायची, जणू केव्हाची आतच होते.

पुढे शिकले, आणि एका संशोधनात काम मिळालं. शाळा सुटल्यापासून आईबाप घरी येईपर्यंत मुलं कुठे असतात, काय करतात, हा त्याचा विषय. मुलाखतीत मला विचारलं, हाच विषय का? मी काहीतरी विद्वत्तेचं उत्तर दिलं. उंबऱ्याचं कोण सांगणार!

वर्षानुवर्षं मी शहरातल्या पाळणाघरांच्या कोपऱ्यांत बसून काढली. कुणाच्या पुढच्या खोलीत, कुणाच्या गच्चीवर पत्रे टाकून केलेली ही पाळणाघरं. निरीक्षकाचा नियम कडक होता. मुलांशी बोलायचं नाही, हसायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, मांडीवर घ्यायचं नाही. आपण तिथे नाहीच असं बसायचं. पहिले काही दिवस पोट्टे येऊन डोळ्यांत डोळे घालून बघायचे, कुणी पदर ओढायचं, एकाने तर माझ्या पायाला चिमटा काढून पाहिला. मी हलत नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि मी खोलीतल्या कपाटासारखी झाले.

एक मुलगी मात्र विसरली नाही. पहिलीतली असेल. पाठीवरचं दप्तर ती आई येईपर्यंत उतरवायची नाही. पाळणाघराच्या बाई चांगल्या होत्या, समजवायच्या, "काढ ना वं बाई ते दप्तर, पाठ दुखंन तुही." ती काढायची नाही. काही दिवसांनी ती दप्तरासकट माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. बोलायची नाही. नुसती माझ्या दंडाला टेकून समोरच्या मुलांचा खेळ बघायची. ठरावीक वेळाने प्रत्येक मूल कुणासोबत आहे ते मला लिहायचं असे. आणि नियमाप्रमाणे निरीक्षक हा माणसांत मोजायचा नसतो. तिचं अंग माझ्या अंगाला लागलेलं असायचं, तिच्या तेल लावलेल्या केसांचा वास येत असायचा, आणि मी लिहायची, मूल एकटं आहे. लिहिण्यात काही चूक नव्हती. पण ते लिहिताना आम्ही दोघीही एकट्या आहोत असं मला वाटायचं, आणि त्याला कागदावर रकाना नव्हता.

त्या साऱ्या कामातून मला एवढंच कळलं की त्या तासांत मुलांना फारसं काही लागत नाही. शिकवायला नको, करमणूक नको. पलीकडच्या खोलीत कुणीतरी मोठं माणूस आपापलं काम करत असावं, भांड्यांचा आवाज यावा, बस. हे मी एका बैठकीत सांगितलं तर मोठ्या पदावरचे एक गृहस्थ म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण मग त्या वेळात इंग्रजीची शिकवणी ठेवता येईल का?" माझं डोकं असं फिरलं की मी चहा न घेता निघून आले. चहाचं वाईट वाटलं, त्या दिवशी सोबत समोसे होते.

मानसोपचाराकडे मी वळले ती पाळणाघराच्या दारातून. मुलांना न्यायला आलेल्या आया दारात थांबायच्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाचा हात, आणि मला विचारायच्या, "आमचं पोट्टं कसं आहे जी?" मी म्हणायची, चांगलं आहे. तरी त्या निघायच्या नाहीत. मग हळूहळू पोट्ट्याचं संपून त्यांचं स्वतःचं सुरू व्हायचं. सासू, नवरा, कचेरीतला साहेब, न लागणारी झोप. मुलांशी बोलायचं नाही असा नियम होता, आयांशी बोलू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ऐकत राहायची. चाळिशीच्या आत-बाहेर असताना मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, ते काम रीतसर शिकले, आणि प्रतापनगरातल्या या खोलीत दोन खुर्च्या आणि एक दिवाण मांडला.

मला वाटलं होतं, आता तरी माणसांत येऊ. कसलं काय! या धंद्याचा नियम त्या धंद्यापेक्षा कडक निघाला. रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याच्यासोबत बायको असेल, सासरे असतील, आणि या कोण म्हणून विचारलं तर त्याने काय सांगायचं? त्यामुळे माझं असं झालंय की अर्ध्या प्रतापनगराच्या घरातलं मला ठाऊक आहे आणि भाजीबाजारात मी कुणालाही नमस्कार करू शकत नाही. मी दिसले की माणसं एकदम संत्री निवडायला लागतात. संक्रांतीत सगळीकडे हळदीकुंकू असतं, बायका घरोघर फिरून वाण घेऊन येतात. माझ्या बिल्डिंगमध्येही बोलावणी येतात, पण जिच्याकडे जायचं तिची जाऊ माझ्याकडे येत असते किंवा नणंद. मी बरं नाही म्हणून कळवते. आता त्यांनी बोलावणं सोडलंय. मला फार वाईट वाटतं त्याचं. तिळगूळ मी स्वतःच करून स्वतःच खाते, आणि तो कधीच नीट जमत नाही.

कान कमी व्हायला लागला तो कळलाच नाही. लोक पुटपुटायला लागलेत असं मला वाटायचं. मी मनात त्यांच्यावर चिडायची. मग नागपूरचा उन्हाळा आला. कूलर नसेल तर त्या खोलीत माणूस उकडून निघेल, आणि कूलर असला की त्याच्या घरघरीत समोरच्याचा अर्धा शब्द बुडायचा. माणूस सर्वांत महत्त्वाचं सर्वांत हळू बोलतो. कुणाचे डोळे भरले, आवाज खाली गेला, की मी उठून कूलर बंद करायला लागले. पाच मिनिटांत कपाळावर घाम, मग पाठीवर. समोरचा माणूस रुमालाने मान पुसतोय आणि बोलतोय, मी पुढे वाकून ऐकतेय. दोघांचीही अवस्था भट्टीत बसल्यासारखी.

एक दिवस एक नवीन बाई आल्या. बसल्याबरोबर पदर खोचून म्हणाल्या, "मॅडम, कूलर बंद करा ना. मी तयार आहे." मला काही समजेना. त्या म्हणाल्या, "माह्या मैत्रिणीनं सांगितलं ना. म्हणे, मॅडमची तशी थेरपी आहे. कूलर बंद करतात, पहिले जीव जाते, पण मंग आतलं सगळं बाहेर येते. मी सकाळपासून काही जड खाल्लं नाही." मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मनात आलं की सांगितलं तर ही जाईल, मैत्रीण जाईल, मैत्रिणीची मैत्रीण जाईल. मी उठले आणि कूलर बंद केला. बाई त्या दिवशी मनसोक्त रडल्या आणि फार बरं वाटलं म्हणून गेल्या. त्या उन्हाळ्यात माझ्या पद्धतीचं बरंच नाव झालं.

याच सुमारास तो माझ्याकडे यायला लागला होता. पन्नाशीचा, बँकेत अधिकारी, मूळचा नरखेडकडचा. त्याची ओळख पटेल असं बाकी काही मी इथे लिहीत नाही, आणि हे लिहितेय तेही त्याला विचारून. बायको वारली होती. मुलगा बाहेरगावी. बायकोनंतर त्याला बोलणंच सुचत नव्हतं, बँकेतही नाही. दर गुरुवारी येऊन तो माझ्या उजवीकडच्या खुर्चीत बसायचा, मांडीवर दोन्ही हात ठेवून, आणि गावचं सांगायचा. संत्र्याच्या मृग बहाराचं, कोळशी रोग लागून गेलेल्या झाडांचं. बायकोच्या आजारपणाशी आला की थांबायचा. मी वाट पाहायची. वेळ संपली म्हणून तो उठायचा.

मग एका गुरुवारी तो उजवीकडे न बसता डावीकडच्या दिवाणावर बसला. पुढच्या वेळीही. आणि हळूहळू त्याचं बोलणं वाढायला लागलं. मला डावीकडून नुसती गुणगुण येत होती. मान वळवून मी उजवा कान पुढे करायची, तर तो थांबायचा, पाणी प्यायचा आणि परत गावाच्या गोष्टीवर यायचा. मी सरळ बसले की परत ती गुणगुण. मी मान डोलावून "हं, हं" करत राहायची. तो गेला की मी विचार करायची. खुर्ची सोडून दिवाण का? खिडकी लागते म्हणून? बायको उजवीकडे झोपायची असेल का? दोन गुरुवार मी यावर इतका खोल विचार केला की आता आठवून लाज वाटते. पण एक गोष्ट मात्र दिसत होती. त्याला बरं वाटत होतं. गालावर मांस आलं होतं, शर्टला इस्त्री असायची, एकदा तो हसलासुद्धा. आणि तो काय सांगतोय ते मला माहीत नव्हतं. माझ्या समोर एक माणूस बरा होत होता आणि मी त्यात कुठेच नव्हते.

हे मला सहन होईना. कूलर बंद करायचे दिवस आले तसं मी धंतोलीला जाऊन मशीन घेतलं.

कानात घालून घरी आले आणि दार उघडलं, तर पहिल्यांदा ऐकू आली माझीच चप्पल. मग फ्रिज. मग भिंतीवरचं घड्याळ, ते मला वाटत होतं केव्हाचं बंद आहे. पलीकडच्या फ्लॅटमध्ये कुणी कुणाला जेवायला हाका मारत होतं. आपलं घर किती रिकामं आहे ते मला त्या दिवशी ऐकू आलं. मी पटकन मशीन काढून ठेवलं, आणि कुकर लावला.

पण कामाच्या वेळी ते घालायचं असं ठरवलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या मिनिटाला खरं सांगायचं. पहिल्या दिवशी भीत भीत सांगितलं, तर कुणाला काहीच वाटलं नाही. एक मुलगी म्हणाली, "अय्या, दिसतपण नाही." एका बाईंनी आपल्या आईसाठी दुकानाचा पत्ता विचारला. कूलरवाल्या बाई जरा हिरमुसल्या, "म्हणजे ती थेरपी नव्हती?" असं दोनदा विचारून खात्री केली, पण आल्या. एक गृहस्थ मात्र पुन्हा आले नाहीत. तेवढं चालतं. एवढे दिवस ज्या भीतीने मी अर्धी झाले होते ती अशी फुसकी निघाल्यावर मला मोकळं वाटलं आणि मी स्वतःसाठी पावशेर संत्राबर्फी आणली.

गुरुवारी तो आला. दिवाणावर बसला. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं आहे. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. बरेच महिने येत नव्हतं. तुम्ही इकडे बसून जे सांगितलं ते मी ऐकलेलं नाही. माझी चूक आहे. आता मी मशीन लावलंय."

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं, मॅडम."

मला आधी वाटलं, मशीन नीट लागलं नाही.

"माह्या बाबाचे कान असेच गेले होते," तो म्हणाला. "विहिरीवरच्या इंजिनापाशी जिंदगी गेली त्यायची. समोरचा बोलून राहिला की ते असेच मान हालवत, हं हं करत. मले पहिल्याच महिन्यात समजलं. म्हणून तर मी तिकडून इकडे बसलो."

"काहून?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत मी कधी अशी घरची बोली बोलले नव्हते, पण तोंडातून तेच निघालं.

तो हातांकडे बघत बोलला. "ते मले कोणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, मॅडम. तिच्या शेवटच्या दिवसातलं आहे. पोराच्या नाही, तुमच्या नाही, कोणाच्याच नाही. पण पोटात ठेवून जगताही येत नव्हतं. घरी भिंतीले सांगून पाहिलं, आवाजच निघत नाही. समोर जिवंत माणूस लागते. डोळ्यात पाहणारं, मान हालवणारं." मग म्हणाला, "ते पुरं सांगून झालं नाही अजून. थोडं राहिलं."

जे सांगवत नाही तेच ऐकायचं, त्यासाठीच आपण आहोत, असं मी शिकले होते आणि शिकवलंही होतं. समजवायला हवं होतं, विश्वास द्यायला हवा होता, वाट पाहायला हवी होती. मला हे सगळं येतं.

"आजच्यापुरतं काढून ठेवता का जी?" त्याने विचारलं.

मी मशीन काढून टीपॉयवर ठेवलं. रस्त्यावरचा आवाज गेला, पंख्याचा गेला. तो सरकून माझ्या डाव्या अंगाला बसला. मी त्याच्याकडे बघत होते, त्याला तसं हवं होतं, पण ओठ वाचता येऊ नयेत म्हणून नजर त्याच्या डोळ्यांवर ठेवली आणि तिथून हलू दिली नाही. ते भरले, वाहिले, पुसले गेले, परत भरले. मी मान हलवत होते. तो थांबला तेव्हा मला कळलं नाही, तो उठल्यावर कळलं. दारात वळून त्याने हात जोडले आणि काहीतरी म्हणाला. पुढच्या गुरुवारी येतो म्हणाला असेल, किंवा आता येत नाही म्हणाला असेल. मी मान हलवली.

तो गेल्यावर मी बसून राहिले. पुढचं माणूस यायला अवकाश होता. मला त्या माणसाचा हेवा वाटला, खरंच फार हेवा वाटला. त्याला सांगायला निदान एक बहिरी बाई तरी मिळाली होती.